अठ्ठावीस गोळ्या

त्याचं नाव मी लिहीत नाही, माझंही नाही. माझं गाव सांगली जिल्ह्यातलं, नोकरी भोसरीच्या एका कारखान्यात अकाउंट्सला, वय सदतीस. एवढं पुरे. मी समलिंगी आहे. हे ताईला माहीत आहे, आईला माहीत असून माहीत नाही, आणि ऑफिसात कोणी विचारत नाही.

आमची ओळख फेब्रुवारी २०१९ ची. आदल्या वर्षी ६ सप्टेंबरला सुप्रीम कोर्टाचा कलम ३७७ चा निकाल आला होता. दोन सज्ञान माणसांनी राजीखुशीने ठेवलेले संबंध आता गुन्हा नव्हते. त्या हिवाळ्यात पुण्यात सगळेच जरा मोकळे झाले होते. डेटिंग ॲपवर लोक चेहऱ्याचे फोटो लावायला लागले होते. त्याचाही होता. माझ्याहून सात वर्षांनी मोठा, आयटीत, वाकडला स्वतःचा फ्लॅट. पहिल्या भेटीत आम्ही मिसळ खाल्ली. कच्चा कांदा मला चालत नाही असं मी बोलता बोलता म्हणालो, तर त्याने माझ्या ताटलीतला कांदा न विचारता उचलून स्वतःकडे घेतला. मला ते फार आवडलं. आपल्यासाठी ठरवणारं कोणीतरी भेटलं, असं वाटलं.

डिसेंबरात मी भोसरीची खोली सोडून त्याच्याकडे राहायला गेलो. सोसायटीत मी त्याचा मावसभाऊ. भाडेकरार नाही, पोलिसांकडे भाडेकरूची नोंद नाही, गॅसचं बिल त्याच्या नावावर, वायफायही त्याच्याच. मी तिथे अडीच वर्षांहून जास्त राहिलो याचा कागदोपत्री एकही पुरावा नाही. हे त्या वेळी सोयीचं वाटलं होतं. पुढे पोलीस चौकीत पहिला प्रश्न तोच आला.

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागलं. दोन खोल्या, दोन लॅपटॉप आणि आम्ही दोघं. माझ्या कंपनीने पगार निम्मा केला. तो म्हणाला, घरखर्च एका हातात असलेला बरा. मी एटीएम कार्ड दिलं. फोनचा पासवर्ड आधीच दिला होता, कारण त्यानेही मला त्याचा दिला होता. फरक इतकाच की मी त्याचा फोन कधी उघडला नाही. एप्रिलमध्ये मी एका जुन्या मित्राशी गॅलरीत वीस मिनिटं बोललो, आणि आत आल्यावर पहिली थप्पड बसली. संध्याकाळी त्याने साबुदाण्याची खिचडी केली, रडला, माझे पाय धरले. मीच त्याला समजावलं. त्या मित्राचा नंबर मी त्याच रात्री ब्लॉक केला. हे सांगायला आजही जड जातं.

कंडोमची गोष्टही त्याच सुमाराची. आधी आम्ही वापरत होतो. मग तो म्हणायला लागला की आपण आता नवरा-बायकोसारखे, मध्ये रबर कशाला, तुझा विश्वास नाही का. त्याने फोनवर एक रिपोर्ट दाखवला. एचआयव्ही निगेटिव्ह. मी तारीख बघितली नाही. पुढे एकदा बघितली, ती २०१७ ची होती. म्हणजे आमच्या ओळखीच्या दोन वर्षं आधीची. ‘नाही’ म्हटलं की चार-चार दिवस अबोला. अबोल्यानंतर धक्काबुक्की. मग मी ‘नाही’ म्हणायचं सोडलं आणि ‘कंडोम तरी घाल’ म्हणायला लागलो. दोनदा त्याने मध्येच तो काढून टाकला. मला नंतर कळलं, सकाळी पलंगाखाली झाडताना. याला काही नाव असतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी त्याला त्याचा स्वभाव म्हणायचो.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार तो हाच. आईला काय सांगणार? ऑफिसात काय सांगणार? आणि आपल्या लोकांत सांगायचं, तर तिथेही अवघड. निकालाचं इतकं कौतुक चाललेलं, मोर्चे, झेंडे, पेपरात फोटो. त्यात आमच्यातही मारणारे असतात हे बोलणं म्हणजे घरची अब्रू वेशीवर टांगल्यासारखं. शिवाय तो ग्रुपमध्ये सगळ्यांचा लाडका. वाढदिवसाला केक तोच आणायचा.

ऑक्टोबर २०२१ मध्ये माझ्या तळहातांवर डाग आले. तांबूस, डाळीएवढे, खाज अजिबात नाही. कोविडचे दिवस, मला वाटलं सॅनिटायझरने झालं असेल. गल्लीतल्या डॉक्टरांनाही तसंच वाटलं. त्यांनी ॲलर्जीची गोळी दिली. बारीक ताप यायचा, घसा धरायचा, दोनदा कोविडची टेस्ट केली, दोन्ही निगेटिव्ह. तीन आठवड्यांनी एका त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी दोन्ही तळहात उजेडात धरले आणि म्हणाले, मोजे काढा. तळपायांवरही तसेच डाग होते. मी कधी बघितलेच नव्हते. “लग्न झालंय?” “नाही.” त्यांनी कागदावर व्हीडीआरएल, टीपीएचए आणि एचआयव्ही असं लिहिलं. पुढे काही विचारलं नाही.

एचआयव्ही निगेटिव्ह आली. व्हीडीआरएल १:६४. म्हणजे सिफिलिस. आमच्याकडे म्हातारी माणसं याला गरमी म्हणतात. हा शब्द मी लहानपणी फक्त शिवीत ऐकला होता.

उपाय सोपा आहे, हे आधी सांगतो. वेळेत कळलं तर बेंझाथिन पेनिसिलिनचं चोवीस लाख युनिटचं इंजेक्शन, एकदाच. बारा लाख एका बाजूला, बारा लाख दुसऱ्या बाजूला, कमरेखाली. अवघड असतं ते टोचणारा मिळणं. औषध मी दुकानातून स्वस्तात आणलं आणि ती बाटली खिशात घेऊन दोन दिवस फिरलो. पेनिसिलिनची जोराची रिॲक्शन येऊ शकते, म्हणून छोटे दवाखाने हात लावायला तयार नसतात. तीन ठिकाणी नाही म्हणाले. एका ठिकाणी तर बाटलीवरचं नाव वाचून रिसेप्शनिस्टने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. शेवटी एका महापालिकेच्या दवाखान्यात सिस्टरने आधी हातावर टेस्ट डोस दिला, अर्धा तास बाकावर बसवलं, मग ती पावडर पाण्यात घुसळून घुसळून विरघळवली. दुधासारखं दाट औषध. सुई मध्येच अडकली तर पुन्हा टोचावं लागेल, हलू नका, म्हणाली. मी हललो नाही. दुखतं खूप. रात्री थंडी वाजून ताप आला. जंतू एकदम मरतात त्याने तसं होतं, हे डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं म्हणून घाबरलो नाही. ज्याला कोणी सांगितलेलं नसतं तो औषधच वाईट म्हणून मोकळा होतो.

डॉक्टर म्हणाले होते, पार्टनरला घेऊन या, त्यालाही इंजेक्शन लागेल. मी घरी येऊन तसं सांगितलं. तो म्हणाला, तूच बाहेर शेण खाल्लंस आणि आता माझ्या नावावर खपवतोस. मी दीड वर्षात बाहेर गेलो होतो ते किराणा आणायला आणि पुढे ऑफिसला, तेही त्याला लोकेशन पाठवून. त्या रात्री त्याने लॅपटॉपच्या चार्जरने मारलं. आणि माझी अक्कल बघा, पुढचे कित्येक दिवस मी खरंच आठवत बसलो होतो, की आपल्याकडून कुठे काही झालं होतं का. सार्वजनिक संडास, सलूनचा वस्तरा, काहीही.

तो तपासायला गेला नाही. मला ‘नाही’ म्हणता येत नव्हतं. जानेवारीत व्हीडीआरएल १:८ वर आली होती, म्हणजे उपचार लागू पडले होते. मे महिन्यात ती परत १:६४ झाली. आकडा चौपट किंवा त्याहून जास्त चढला तर नव्याने लागण धरतात. या रिपोर्टमधला टीपीएचए बहुधा जन्मभर पॉझिटिव्हच राहतो, त्याने घाबरायचं नसतं, बघायचा तो व्हीडीआरएलचा आकडा. हे मला तेव्हा कळलं.

त्या वेळचा एक प्रसंग डोक्यातून जात नाही. लॅबमध्ये रक्त घ्यायला बसलो. टेक्निशियन मुलगा वीस-बावीसचा असेल. त्याने बाही वर केली, दंडाला रबर बांधलं. कोपराच्या वर चार बोटांचे निळसर वळ होते. त्याने क्षणभर बघितलं, रबर सोडलं, म्हणाला, “सर, दुसरा हात द्या.” दुसऱ्या हातातून रक्त घेतलं. बस. मी त्याला दोष देत नाही. त्याचं काम रक्त घेण्याचं. पण डॉक्टरही चिडून एवढंच म्हणाले, “सांगून कळत नाही का तुम्हाला? किती जणांबरोबर?” मी म्हणालो, एकाच. त्यांना ते खरं वाटलं नाही.

मी डॉक्टरांना मार सांगितला नाही आणि पुढे पोलिसांना आजार सांगितला नाही. दोन्हीची खिडकी वेगळी, असं मला वाटायचं. डोक्याला खोक पडली तर दवाखाना, भांडण झालं तर चौकी. हा आजार आणि तो मार एकाच दारातून घरात आले होते, हे कळायला एका बाईंना प्रश्न विचारावा लागला.

दुसऱ्या इंजेक्शनच्या वेळी, जून २०२२ मध्ये, डॉक्टरांनी एचआयव्ही पुन्हा करायला सांगितली. खिशात पैसे नव्हते, कार्ड त्याच्याकडे. म्हणून सरकारी रुग्णालयात गेलो. केसपेपर काढला, किरकोळ पैसे लागले. ‘एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र’ अशी पाटी असते, लोक त्याला आयसीटीसी म्हणतात. टेस्ट फुकट होते. मला ओळखपत्र मागितलं नाही, एक नंबर दिला. संमतीशिवाय ही टेस्ट करता येत नाही आणि रिझल्ट दुसऱ्याला सांगता येत नाही. एचआयव्हीचा २०१७ चा कायदा तसं सांगतो. काउन्सेलर मॅडमनी फॉर्म भरला. कंडोम वापरता का? कधी कधी. मग पेन खाली ठेवून त्या म्हणाल्या, “घरी नाही म्हणता येतं का तुम्हाला?”

मी पंख्याकडे बघत बसलो. बाहेर रांग होती. त्या थांबल्या. दोन मिनिटांनी मी म्हणालो, नाही येत.

त्यांनी मला त्याला सोडायला सांगितलं नाही. लगेच सोडा म्हणाल्या असत्या तर मी परत गेलो नसतो. त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. एक, असुरक्षित संबंध आला, जबरदस्तीने किंवा कसाही, तर एचआयव्ही रोखायच्या गोळ्या असतात, पीईपी म्हणतात. ७२ तासांच्या आत पहिली गोळी पोटात गेली पाहिजे, जितकी लवकर तितकी बरी, आणि अठ्ठावीस दिवस घ्यायची. दोन, सिफिलिसची जखम असताना एचआयव्ही लागण्याची शक्यता वाढते, तेव्हा तो आजार किरकोळ धरू नका. तीन, कागद घराबाहेर न्या. आधार, पॅन, पासबुक, मार्कशीट, दोन जोड कपडे. मी ते सगळं पुढच्या आठवड्यात ऑफिसच्या कपाटात, २०१५ सालच्या व्हाउचरच्या फायलींमागे ठेवलं. १०९७ हा एड्सचा मोफत हेल्पलाइन नंबर त्यांनी कागदाच्या मागे लिहून दिला. कंडोमचं पाकीट द्यायला लागल्या, तर मी म्हणालो, नको, तो मोजतो. त्यांनी पाकीट परत ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि रागावल्या नाहीत. पगाराचं खातंही मी त्याच महिन्यात बदललं. एचआरला सांगितलं की जुन्या बँकेची शाखा लांब पडते.

ऑगस्टमध्ये दहीहंडीच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी रात्री, तो पिऊन आला. नव्या खात्याचं त्याला कळलं होतं. त्या रात्रीचं मी सगळं लिहीत नाही. त्याने गळा धरला होता, कंडोम नव्हता, आणि मला रक्त आलं होतं. मध्ये तो म्हणाला, “मी अजून दोघांकडे जातो, काय करशील?” साडेअकरा वाजले होते. हे मला पक्कं आठवतं, कारण आधी असं झालं तेव्हा मी फक्त संपायची वाट बघायचो, आणि या वेळी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून तास मोजत होतो.

रविवारी तो दिवसभर घरी होता. सोमवारी सकाळी मी नेहमीसारखा डबा घेऊन निघालो. डब्यात काही नव्हतं.

सरकारी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत पोचलो तेव्हा चौतीस तास झाले होते. तिथला तरुण डॉक्टर रात्रपाळी संपवून उभ्यानेच चहा पीत होता. तो म्हणाला, पीईपी आमच्या स्टाफला सुई टोचली तर देतो, किंवा रेपची केस असेल तर. मी म्हणालो, तसंच आहे. त्याने माझ्याकडे बघितलं. “पण तुम्ही पुरुष आहात ना?” तो दुष्ट नव्हता, त्याला खरंच सुचत नव्हतं काय करावं. पोलिसांचा कागद आणा म्हणाला. मी निघालो. आज मला माहीत आहे की केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या सूचनांप्रमाणे लैंगिक अत्याचार झालेल्या माणसाचे उपचार पोलीस तक्रारीसाठी अडवायचे नसतात. त्या दिवशी माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी वाद घालायचं बळ नव्हतं.

बाहेर रसवंतीच्या बाकावर बसून आधी १०९७ ला फोन लावला, मग आमच्या लोकांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेला. पुण्यात समपथिक ट्रस्टने हे काम केलं आहे, मुंबईत हमसफर ट्रस्ट १९९४ पासून आहे. अशा ठिकाणी फोन उचलणारा बहुधा आपल्यातलाच असतो, त्यामुळे पहिली दहा मिनिटं स्वतःची ओळख पटवण्यात जात नाहीत. माझ्याशी बोलणाऱ्याने एकच विचारलं, किती तास? मी सांगितलं. त्याने एका खासगी डॉक्टरांचा पत्ता दिला आणि सांगितलं, काय झालं ते आडपडदा न ठेवता सांग, ते विचारतील तेवढंच.

डॉक्टरांनी आधी जखम तपासली, रक्त घेतलं, हिपॅटायटीस बीची पहिली लस दिली, आणि गोळीचं नाव लिहिलं. टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन, डोल्युटेग्राव्हिर, तिन्ही एकाच गोळीत. दिवसाला एक. दोन मेडिकलमध्ये नव्हती. तिसऱ्याने दुसऱ्या दुकानातून मागवून दिली. रात्री आठ वाजता दुकानातल्याच जारचं पाणी घेऊन पहिली गोळी घेतली. साडेचव्वेचाळीस तास. पैसे ऑफिसातल्या शिंदेकाकांकडून उसने घेतले होते, दाताचं काम आहे असं सांगून.

त्या रात्री मी ज्या मित्राचा नंबर ब्लॉक केला होता त्याच्या दारात गेलो. पिंपळे गुरवला राहतो. दोन वर्षं चार महिन्यांनी. त्याने दार उघडलं, माझ्या गळ्याकडे बघितलं आणि म्हणाला, “जेवलास का?”

बाटलीत तीस गोळ्या असतात, कोर्स अठ्ठावीसचा. रोज रात्री आठला मोबाइलचा गजर. पहिले दहा दिवस मळमळ, डोकं जड, आणि स्वप्नं इतकी लख्ख की उठल्यावर खोलीत कोण आहे ते बघावं लागायचं. ॲसिडिटीची आणि कॅल्शियमची गोळी तिच्याबरोबर घ्यायची नाही, असं सांगितलं होतं. मला पित्ताचा त्रास, त्यामुळे ते जरा जड गेलं. एकही दिवस चुकवला नाही. मित्राने कॅलेंडरवर रोज काट मारली. त्यातल्या एका चौकोनात ‘दूध २ लि.’ असं लिहिलेलं होतं, त्यावरच मारली.

पाचव्या दिवशी वाकडहून त्याचे मेसेज सुरू झाले. आधी ये ना परत, मग विष पितो, मग फोटो. माझे फोटो त्याच्याकडे होते. ताईला पाठवतो म्हणाला. दोन दिवस मी फोन हातात घेऊन बसलो. मग ताईला मीच फोन केला, कारण तिने त्याच्याकडून ऐकण्यापेक्षा माझ्याकडून ऐकलेलं बरं. सगळं सांगितलं, आजार सोडून. पलीकडे कुकरची शिट्टी झाली. ती गॅस बंद करायला गेली, परत आली. “तू आता कुठे आहेस?” मित्राकडे. “पैसे आहेत का?” थोडे. मग म्हणाली, “फोटो आले तर मी उघडणार नाही. पण पुसणार पण नाही. पोलिसांना लागतील.” ताई पतसंस्थेत आहे. कागद कधी फाडत नाही.

आले फोटो. तीन. तिने तसेच ठेवले.

पोलीस चौकीत हवालदारांनी आधी राहण्याचा पुरावा मागितला. मग म्हणाले, “३७७ तर गेलं ना आता? मग कुठलं कलम लावू?” आणि एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रार, लिहून घेतली. नंतर ओळखीच्या एका वकीलबाईंनी समजावलं की हवालदार चुकले होते. २०१८ च्या निकालाने राजीखुशीचा संबंध गुन्ह्यातून काढला होता. जबरदस्तीसाठी ३७७ तेव्हा शिल्लक होतं. आता मात्र हवालदारांचं म्हणणं बरोबर झालं आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि तिच्यात ३७७ च्या जागी काहीच नाही. पुरुषावर बलात्कार झाला तर त्याला त्या नावाचं कलमच नाही. मारहाण, धमकी, खासगी फोटो पसरवणं, यावर तक्रार करता येते. घरगुती हिंसाचाराचा २००५ चा कायदा बाईला दाद देतो, मला नाही. तृतीयपंथी व्यक्तींसाठी २०१९ च्या कायद्यात छळाला शिक्षा आहे, पण ती सहा महिने ते दोन वर्षं. लग्नाला १७ ऑक्टोबर २०२३ ला कोर्टाने नाही म्हटलं, त्यामुळे आमच्यात घटस्फोट नाही आणि सामानाची वाटणी नाही. माझा मिक्सर अजून वाकडला आहे.

वकीलबाईंनी फोटोंवरून नोटीस पाठवली. त्यानंतर फोटो थांबले, मेसेजही थांबले. मी पुढे केस केली नाही. करायला हवी होती असं लोक म्हणतात. मी दमलो होतो, आणि कोर्टात सगळं मोठ्याने वाचलं जाईल याची भीती होती. ज्याला जमेल त्याने करावी.

एचआयव्हीची टेस्ट सहा आठवड्यांनी, तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी केली. फेब्रुवारी २०२३ ला शेवटची. निगेटिव्ह. निगेटिव्ह आली नसती तरी जगता आलं असतं. औषधं सरकारी केंद्रात फुकट मिळतात आणि ती नीट घेणारी माणसं म्हातारी होतात. पण मी खोटं कशाला बोलू, कागद उघडताना माझे हात थरथरत होते. हिपॅटायटीसचे तीन डोस पूर्ण झाले. व्हीडीआरएल आता १:२ वर थांबली आहे. रोज एक गोळी घेऊन एचआयव्ही आधीच टाळता येतो, त्याला प्रेप म्हणतात, हेही नंतर कळलं. पण ती बाटली त्या घरात सापडली असती तर तोच माझ्या बदफैलीचा पुरावा ठरला असता, हेही तितकंच खरं.

आता अधूनमधून त्याच संस्थेतून मला फोन येतो, कोणाबरोबर तरी जायला. गेल्या महिन्यात एक चोवीस वर्षांचा मुलगा होता, नाशिक रोडहून इथे शिकायला आलेला. डॉक्टरांनी त्याला तीन कागद भरायला दिले. किती पार्टनर, कंडोम किती वेळा, शेवटची टेस्ट कधी. घरचा रकाना कुठेच नव्हता. ज्या डॉक्टरांच्या, सिस्टरच्या, काउन्सेलरच्या हाती हे पडेल त्यांना माझी एवढी विनंती आहे: ‘घरी नाही म्हणता येतं का’ हा प्रश्न तोंडी विचारा, आणि उत्तर येईपर्यंत दोन मिनिटं थांबा.

आणि ज्याच्यावर वेळ आली असेल त्याने आधी तास मोजावेत. ७२ च्या आत असाल तर आंघोळ, रडणं, त्याला माफ करायचं की नाही, सगळं नंतर. १०९७ लावा. केसपेपरसाठी सुटे पैसे जवळ ठेवा. कॅज्युअल्टीत नाही म्हणाले तर तिथेच बसून दुसरा फोन लावा, घरी जाऊ नका.